आतून कडी लागणारं दार

कुठल्याही नव्या जागी गेले की मी आधी दार कुठे आहे ते पाहते. मग त्या दारापासून संडास किती लांब, हे कुणाला तरी हळूच विचारून घेते. लग्नघर असो, बँक असो, कुणाची मयत असो. लोकांना वाटतं, ही बाई घाईत आहे. घाई नसते, पण ते समजावून सांगायचं तर असले शब्द लागतात, जे आमच्याकडे चारचौघांत बोलत नाहीत. हे लिहितानाही मी दोनदा कागद बाजूला ठेवला. पण याच गोष्टीपायी माझी परीक्षा सुटता सुटता राहिली, आणि त्यात मी जे वागले ते अजून मनातून जात नाही. म्हणून लिहिते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही वसईजवळच्या सांडोरचे, केळीची आणि भाजीची वाडी असलेलं ख्रिस्ती घर. बाबा चौथी शिकलेले, आई दुसरी. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली. घरात आमची बोली, कॉलेजात पुस्तकातली मराठी आणि फळ्यावर इंग्रजी. तीन जागी तीन जिभा सांभाळताना मी नेहमी थोडी मागे असायची. बोलण्याआधी वाक्य मनात एकदा म्हणून पाहायची, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. (इथे घरातलं बोलणंही मी सगळ्यांना समजेल अशा भाषेत लिहिलं आहे.)

पोटाचं सुरू झालं ते बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी मला उभं राहून टिपण वाचायला सांगितलं आणि बेंबीच्या खाली डाव्या बाजूला कुणीतरी ओलं लुगडं पिळावं तसा पीळ बसला. मी कसंबसं वाचून बाहेर पळाले. मुलींचा संडास इमारतीच्या मागे, अंगण ओलांडून, आणि त्याला कुलूप. किल्ली झाडूवाल्या बाईंच्या कमरेला. बाई सापडेपर्यंत मला घाम फुटला होता. आणि जाऊन आल्यावर? काही नाही. पीळ पुसल्यासारखा गेला. मला त्याचीच जास्त भीती वाटली. खरं दुखणं असं जातं का? की मी वाचायचं टाळायला हे करते?

त्यानंतर पोटाने माझा दिवस ताब्यात घेतला. कधी सकाळच्या सकाळी तीनदा जावं लागे. कधी तीन-तीन दिवस काहीच नाही, पोट नुसतं ढोलासारखं फुगलेलं. एस.टी.त बसणं मी सोडलं, कारण एस.टी. हवी तिथे थांबत नाही. पाऊण तास चालत जायची. कुठल्या वाडीच्या कुंपणाला वाट आहे आणि कुठल्या वाडीत कुत्रा आहे, हे मला अर्थशास्त्रापेक्षा नीट पाठ होतं. वर्गात माझ्या शेजारी बसणारी एक पापडी गावची मुलगी होती, तोंडाने फटकळ, मनाने बरी. ती म्हणायची, "तुझं नाव सरांच्या हजेरीत कशाला? त्या किल्लीवाल्या बाईच्या वहीत लिहा म्हणावं. तिथे शंभर टक्के भरेल."

घरी संडास नव्हता. वाडीच्या टोकाला बावखल होतं, म्हणजे आमच्याकडचं पाणी साठवायचं तळं. त्याच्या पलीकडे बांबूचं बेट. पहाटे अंधारात एकदा तिथे जाऊन यायचं, ही सगळ्या बायकांची रीत. पण माझं एकदाने भागत नव्हतं. दुसऱ्यांदा जायची वेळ येई तेव्हा उजाडलेलं असे, बाबा पंप सुरू करायला आलेले असत, बावखलावर शेजारणी धुणं घेऊन बसलेल्या असत. त्यांच्या मधून रिकामा डबा घेऊन जायचं म्हणजे गावभर दवंडी.

आईने ओव्याचं पाणी दिलं, सुंठ दिली, कच्च्या केळ्याची भाजी आठवडाभर दिली. आमच्या वाटेवरच्या कंपाउंडरने "आव आहे" म्हणून पिवळ्या गोळ्या दिल्या. त्यांनी तोंडाला गंजाची चव येई. तीनदा त्या गोळ्यांचा डोस पुरा केला. दर वेळी चार दिवस बरं वाटे आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

मग मी स्वतःच शोधायला लागले. वहीच्या मागच्या पानांवर काय खाल्लं ते लिहायची. सोमवारी बटाटा खाल्ला, दुखलं. मंगळवारी खाल्ला नाही, तरी दुखलं. बुधवारी बोंबील खाल्ले, काही झालं नाही. शुक्रवारी तेच बोंबील, आणि दिवसभर बेजार. पानंच्या पानं भरली, हाती एकच गोष्ट लागली: काही खाल्लंच नाही तर सकाळ बरी जाते. म्हणून मी सकाळची भाकरी सोडली. आई डब्यात सुकेळी द्यायची, आमच्याच वाडीतल्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवून केलेली. ती मी पापडीच्या मैत्रिणीला देऊन टाकायची. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र भुकेने जीव जाई आणि मी ताटभर भात खायची.

आणि मठ. आमच्या वाटेवर सिस्टरांचा एक छोटा मठ होता. पुढे चॅपेल, बाजूला गावासाठी दवाखाना, आणि दवाखान्याच्या मागे दोन पक्के संडास. टाकीचं पाणी, लाकडी दार आणि दाराला आतून लोखंडी कडी. तिथे पहाटे सहाची मिस्सा, म्हणजे चर्चची रोजची उपासना असे, गावातलं कुणीही जाऊ शके. तिसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात एकदा वाटेतच अडल्यामुळे मी आत शिरले. ती कडी लावून मी उभी राहिले, बाहेर कुणी वाट पाहत नाही, कुणी धुणं धूत नाही, आणि मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज जाऊ लागले. आल्यासारखी मिस्सेलाही बसायची. शेवटच्या बाकावर, बाजूच्या दाराला लागून.

आता कुणीही विचारी माणूस यातून काय समजेल? माझी आत्या शेजारच्या घरात राहायची. विधवा, मूलबाळ नसलेली, सगळ्या गावावर नजर ठेवून असलेली. राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला आणि त्याच आठवड्यात तिने आईला ओट्यावर बसवून सांगितलं. मी आत केस विंचरत होते, सगळं ऐकू येत होतं.

"पोर सकाळची काही खात नाही, पाहिलंस?"

"पोटाचं काहीतरी म्हणते, वन्सं."

"पोटाचं! कॉलेजातल्या पोरी पोटाचं म्हणतात आणि कोपऱ्यावर जाऊन वडे खातात. ही उपास करते. रोज मिस्सा. आणि बसते कुठे? मागे, शास्त्रातल्या त्या दूर उभं राहून छाती बडवणाऱ्या जकातदारासारखी. आपण पुढे बसतो, लुगडं दाखवायला."

"तुम्ही बसता पुढे. मी मध्ये बसते."

"मस्करी करू नको. पोरीला देवाचं पाचारण आहे, सिस्टर व्हायचं. तुझ्याच घरात आहे आणि तुला दिसत नाही."

आई आत आली तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती फक्त वेदीकडे पाहायची. मी घाबरून म्हटलं, "आई, खरंच पोट दुखतं गं, म्हणून."

"बरं बरं," ती हळू आवाजात म्हणाली. "तू सांगू नको कुणाला. मीही नाही सांगत."

आठ दिवसांत सगळ्या गावाला माहीत झालं. माझ्या डोक्यावरची भाजीची पाटी उतरली. एक स्थळ आलं होतं, ते आईने परस्पर परत पाठवलं. बाबांचं देवळातल्या प्रत्येक कामावरून फादरांशी वाजायचं, पण त्यांनी वाडीतला केळ्यांचा सगळ्यात चांगला लोंगर स्वतः खांद्यावर घेऊन मठात नेऊन दिला. वाटेत म्हाताऱ्या मला थांबवून म्हणायच्या, "बाय, आमच्यासाठी दोन शब्द माग हो." मी "हो, हो" म्हणत पुढे पळायची. माझं पोट त्या दोन शब्दांसाठी थांबणारं नव्हतं.

खरं सांगायला मला वेळ होता. सांगितलं नाही. कारण ईस्टरनंतर माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. हॉल दुसऱ्या मजल्यावर, पेपर तीन तासांचा, पहिला अर्धा तास कुणालाही बाहेर सोडत नसत. कॉलेजच्या सराव परीक्षेत मी एक पेपर अर्धा टाकून उठले होते आणि बाहेर अंगणात किल्लीवाल्या बाईंना शोधत फिरले होते. पुन्हा तेच होणार, या विचारानेच रात्री बिछान्यावर कूस बदलत राहायची. आणि एका संध्याकाळी बाबा सहज म्हणाले, "मठात जायचंच आहे तर ती परीक्षा कशाला? त्या सिस्टर तुला पुढे शिकवतीलच की."

मी मान खाली घालून भात कालवत राहिले. एक "हो" म्हटलं की हॉल नाही, अर्धा तास नाही, किल्ली नाही. वर आतून कडी लागणारं दार जन्मभर. मी "हो" म्हटलं नाही, पण "नाही"ही म्हटलं नाही, आणि आमच्या घरात गप्प राहणं म्हणजे हो. त्यानंतर आठ-दहा दिवस मी पुस्तक उघडलं नाही. घरभर फिरायची. वाडीत जायची, परत यायची. खाटेवर बसायची, उठायची. आईला वाटे, पोरीचं मन संसारातून उठतंय.

दवाखाना सांभाळणाऱ्या सिस्टर मंगळूरकडच्या होत्या. थोराड अंगाच्या, मराठी सगळी रोग्यांकडून शिकलेल्या. एका सकाळी मी टाकीवर बादली भरत असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"तू आमच्यात येणार, गाव बोलते. मदरला पण कोणी सांगितला."

मी बादली उचलली.

"मी सांगू, मी काय बघते? मिस्सा अर्धा तास. त्यात तू दोन वेळ बाहेर. पाचारण देवाकडून येते, बाय. संडासकडून नाही येत."

मला आधी हसू आलं आणि मग रडू. त्यांनी बादली माझ्या हातातून घेतली आणि मला दवाखान्यातल्या बाकावर नेऊन बसवलं. त्यांनी जे विचारलं ते तोपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"रात्री झोपेतून उठून जावं लागते?"

"नाही. एकदा झोप लागली की सकाळीच."

"रक्त पडते?"

"नाही."

"ताप? वजन?"

"ताप नाही. वजन आधी तेवढंच होतं. आता या दोन महिन्यांत जरा..."

"आता तू खात नाही, मग कसं राहणार. दुखते, आणि जाऊन आल्यावर?"

"थांबतं. लगेच."

"ख्रिसमसच्या सुट्टीत कसं होतं?"

मी "तसंच" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. ख्रिसमसच्या सुट्टीत मी सगळं खाल्लं होतं. मटण, पाव, आत्याच्या तेलात निथळणाऱ्या करंज्या. आणि दुखल्याचं आठवत नव्हतं. सुट्टीत मी वही लिहीत नव्हते, म्हणून ते दिवस माझ्या हिशेबात आलेच नव्हते. कॉलेजचेच दिवस मी लिहून ठेवले होते.

"म्हणजे मी नाटक करते, सिस्टर?"

"मी असं बोलले काय? मला एवढं समजते, हे आव नाही. डॉक्टर गुरुवारी येतील, तेव्हा ये. आणि खाऊन ये."

गुरुवारी वसईहून एक वयस्क डॉक्टर दवाखान्यात यायचे. त्यांनी तीन वेळा शौचाची तपासणी करून घेतली. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या पदराखाली लपवून मी त्या कशा नेल्या ते मलाच माहीत. तिन्ही वेळा काही निघालं नाही. मग त्यांनी पोट दाबून पाहिलं, सगळे प्रश्न पुन्हा विचारले आणि म्हणाले, "याला इरिटेबल कोलन म्हणतात. मराठीत काय म्हणू? चिडकं आतडं म्हणा."

"चिडकं?"

"काही माणसं नसतात का, दिसायला धडधाकट, पण जरा काही बोललं की उसळतात? तसं. आतडं कापून पाहिलं तरी चांगलंच दिसेल. पण काम करताना चिडतं. मध्येच आखडतं, मध्येच धावत सुटतं. भीतीने वाढतं. पण वाढतं म्हणजे खोटं आहे असं नाही. तुम्हाला दुखतं ते दुखतंच."

ते शेवटचं वाक्य मी वाटेत स्वतःशी कितीदा म्हटलं असेल.

"बरं होईल का?" मी विचारलं होतं.

"कमी होईल. पुन्हा येईल, पुन्हा जाईल. याने कुणी मरत नाही. पण यापायी घरात बसून राहिलेले मी पाहिलेत." त्यांनी उपास आधी बंद करायला सांगितले. दिवसभर रिकामं ठेवून रात्री ताटभर भात, याने ते आतडं आणखी पिसाळतं म्हणाले. थोडं थोडं, वेळेवर खायचं. चहा कमी. दूध पंधरा दिवस सोडून फरक पडतो का ते पाहायचं. अडतं त्या दिवसांत इसबगोल आणि भरपूर पाणी. आणि रक्त दिसलं, खाऊनही वजन उतरलं किंवा झोपेतून उठावं लागलं तर लगेच यायचं, कारण मग हे दुखणं ते नव्हे. शेवटी त्यांनी कॉलेजसाठी एक चिठ्ठी लिहून दिली. "परीक्षा द्या," म्हणाले. मी परीक्षेचं काही बोलले नव्हते. बहुधा सिस्टरांनी सांगितलं असावं.

आईला सांगायला मला आणखी तीन दिवस लागले. ती वाडीत मांडवाखाली बसून राजेळी सोलत होती. मी शेजारी बसले आणि सोलायला लागले.

"आई, मी मठात जाणार नाही."

"आजच जा असं कोण म्हणतंय? सण होऊ दे."

"सणानंतरही नाही. मला पाचारण नाही. मला तिथला संडास हवा होता."

तिचे हात थांबले.

"रोज?"

"रोज."

"आणि उपास?"

"खाल्लं की कळ यायची, म्हणून. डॉक्टरांनी पाहिलं. आतड्याचं आहे."

तिने हातातलं अर्धं सोललेलं केळं खाली ठेवलं. "मी देवळात सगळ्यांना सांगून बसलेय," ती म्हणाली. "पोर देवाला दिली म्हणून. आता काय सांगू? संडासाला जात होती म्हणून सांगू?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सकाळी ताटात भाकरी आणि भाजी ठेवायची आणि दुसरीकडे पाहायची. मी खायची, थोडं थोडं, सांगितल्यासारखं. आत्याने "सैतान आडवा आला" असा निकाल दिला आणि आमच्या ओट्यावर येणं बंद केलं. बाबा एवढंच म्हणाले, "लोंगर परत मागायचा का आता?" आणि वाडीत निघून गेले. ते चिडून म्हणाले की थट्टेने, मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, "पेपर कधी आहे?"

मी सांगितलं. मग हॉलचं सांगितलं, अर्ध्या तासाचं सांगितलं, अंगणापलीकडचं कुलूप सांगितलं.

"किल्ली कुणाकडे असते?" तिने विचारलं.

चिठ्ठी घेऊन मी ऑफिसात गेले. परीक्षेचं पाहणाऱ्या सरांनी ती वाचली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पहिला अर्धा तास नाही म्हणजे नाही. नियम आहे. दाराजवळचा बाक देता येईल." मला तेवढंही पुष्कळ होतं.

पहिल्या पेपरच्या दिवशी आई माझ्याबरोबर निघाली. कॉलेजात ती कधी आली नव्हती. फाटकाशी क्षणभर अडली, पदर सावरला आणि सरळ झाडूवाल्या बाईंना शोधत मागे गेली. दहा मिनिटांत दोघींचं माहेर एकाच बाजूचं निघालं आणि किल्ली आईच्या हातात आली. संडासाच्या पायरीवर ती पाय पोटाशी घेऊन बसली.

माझ्या बाकावरून, दारातून, व्हरांड्याच्या गजांमधून ती पायरी दिसत होती. पहिल्या वीस मिनिटांत पीळ आला. मी पेन घट्ट धरून प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत राहिले. खाली आई बसली होती. एका हातात जपमाळ, दुसऱ्या हाताच्या बोटात किल्लीची दोरी. अर्धा तास झाल्याची घंटा झाली तेव्हा पीळ थोडा सैल झाला होता. मी लगेच उठले नाही. एक उत्तर लिहिलं, मग उठले.

मला येताना पाहून आईने कुलूप काढलं, दार लोटलं आणि अंगणाकडे तोंड करून उभी राहिली. परत जाऊन मी उरलेला पेपर पुरा लिहिला. तीन तासांत एकदाच उठले.

घरी येताना आम्ही चालतच आलो. आई म्हणाली, "तुझे ते मोठे सर तिथून गेले. मला विचारतात, मुलीसाठी प्रार्थना करता का. मी हो म्हटलं."

"करत नव्हतीस?"

"दोन्ही करत होते. प्रार्थनाही आणि किल्लीची राखणही."

थोडं पुढे आल्यावर तिने विचारलं, "मठातले ते संडास दोन आहेत म्हणतेस?"

"दोन."

"कडी आतून?"

"आतून. लोखंडी."

"पाणी?"

"टाकीचं. नळ आहे आत."

"आपल्या बांबूच्या बेटाजवळ जागा होईल," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना सांगते. पण आधी तुझे पेपर होऊ देत. परवा कुठला आहे?"

मी विषय सांगितला. पोटात पुन्हा बारीक कळ आली होती, आणि पुढच्या वळणावरच्या कुंपणाला वाट कुठून आहे ते मी आतापासूनच पाहत होते.